शिदोरीवर पास झालेल्या टेस्ट

माझ्या वडिलांना मी नक्की काय काम करते ते आजवर कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची चूक बिलकुल नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. गावाकडं, अंबडच्या पुढं, चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांना कुणी विचारलं, "गुरुजी, लेक काय करती?" तर ते सांगतात, "कम्प्युटरात आहे." लगेच पुढचा म्हणतो, "मंग आमचा प्रिंटर बघंल का?" मी गावाला गेले की खरंच कुणाकुणाचे प्रिंटर माझी वाट बघत बसलेले असतात. मी चिडते. वडील म्हणतात, "बघून दे ना, तुझं काय जातंय?"

तर ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

आमचं ऑफिस जालन्यात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या अंगाला, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर. कंपनी पुण्याची, पण जालन्याला आम्ही तिघंच. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाचा ट्रॅक्टर जिनिंगच्या दारात आला की आधी काट्यावर वजन आणि कापसातला ओलावा, मग त्याची प्रत, मग शेतकऱ्याच्या हातात पावती. आमच्या सॉफ्टवेअरचेही तसेच तीन भाग. भागाला आम्ही मोड्यूल म्हणतो. काटा माझ्याकडं. प्रत आमच्या शेठकडं. शेठ म्हणजे खरा शेठ नव्हे, आमच्यासारखाच नोकरदार, पण त्याचे पणजोबा राजस्थानातून इथं व्यापाराला आले आणि इथलेच झाले, म्हणून आम्ही त्याला चिडवायला शेठ म्हणतो. आणि पावतीचं मोड्यूल जाफराबादवालीकडं.

जाफराबादवाली ही आमच्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी पोरगी. संभाजीनगरला इंजिनियर झाली, आमच्याकडं लागली, लग्न होऊन जाफराबादजवळच्या एका गावात गेली. नवऱ्याची कापूस-सोयाबीनची शेती. वर्षाचं बाळ. घरून काम करायची. तिच्या घरात फोनला नेटवर्कची एक कांडी यायची, तीही गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर.

आता टेस्टचं. प्रत्येक मोड्यूलची आपापली टेस्ट असते, ती पास होते, त्यात काही मोठेपणा नाही. चार जावा आपापल्या माहेरी गुणाच्याच असतात. एका चुलीवर आल्या की खरं कळतं. तिन्ही मोड्यूल एकत्र आणून, खरा डेटाबेस लावून बघायचं, कापूस आला, वजन झालं, ओलावा कापला, पावती बराबर निघाली का. याला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात. आणि या टेस्टला स्वतःचं असं फार काही नसतं. हिला याची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड लागतो, त्याची लागते, दुसऱ्या मोड्यूलचा तुकडा लागतो. त्या लागणाऱ्या गोष्टींना डिपेंडन्सी म्हणायचं. काय काय लागतं ते प्रत्येक मोड्यूलनं लिहून द्यायचं, मग बिल्ड चालवला, म्हणजे मशीनला सगळा प्रोग्राम जुळवायला लावला, की ते सगळं इंटरनेटवरून येतं आणि मशीनमधल्या एका फोल्डरमध्ये जमा होतं. दुसऱ्यांदा चालवलं की घरातल्या घरात सापडतं.

जाफराबादच्या त्या एका कांडीवर हे सगळं यायला दिवस मोडायचा. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. जालन्याच्या मशीनमधलं ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घालायचं आणि स्टँडवरून जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्याच्या हातात द्यायचं. तो शर्टाच्या खिशात घालून नेई आणि जाफराबादच्या स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवी. तिथून हिचा सासरा घेऊन जाई. तिच्याकडं काही नवीन आलं की तसंच परत. शेठ घरून काम करायचा तेव्हा तोही त्याच्यातूनच घ्यायचा. आम्ही त्या पेनड्राइव्हला शिदोरी म्हणायचो. "शिदोरी निघाली का?" "निघाली, चार वाजता घ्यायला पाठव." एकदा जीपवाल्यानं विचारलं, "मॅडम, ह्याच्यात सिनेमे हायेत का?" मी म्हणलं, "सिनेमेच आहेत, पण तुम्हाला रडू येईल."

वर्षभर असं चाललं. टेस्ट सगळ्यांकडं हिरव्या. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. आम्ही खूश.

दसऱ्यानंतर पुण्याहून फोन आला. तिकडचे आमचे साहेब, आम्ही त्यांना सर म्हणतो. माणूस वाईट नाही, पण बोलतो असा की समोरच्याला आपण शाळेत उशिरा आलो असं वाटावं.

"मॅडम, आम्ही इथं एक नवी मशीन लावली आहे. अगदी कोरी. तिच्यावर तुमचा प्रोजेक्ट चालवला. प्रतीच्या आणि पावतीच्या टेस्ट सुरूच होत नाहीत. काहीतरी सापडत नाही म्हणतंय."

"आमच्याकडं तर सगळं हिरवं आहे, सर."

"तेच ना. तुमच्याकडं."

आणि मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. येत्या शुक्रवारपर्यंत कोऱ्या मशीनवर सगळं चाललं तर ठीक. नाहीतर, यंदा हे पहिल्यांदाच जिनिंगवर चालू व्हायचंय म्हणून, सिझन भरात यायच्या आत तिघांनाही पुण्यात आणून एका खोलीत बसवावं लागेल. जालन्याचं ऑफिस ठेवा म्हणून वरच्यांना सांगायला त्यांच्याकडं मग काही उरणार नाही.

फोन ठेवून मी टेबलावर हात आपटला. "त्यांची मशीनच खराब असंल!" नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते माहीत होतं, पण त्या घडीला अंगण वाकडं म्हणायलाच बरं वाटत होतं.

मी पुण्याला जाऊ शकले असते. कुरकुर केली असती, पण गेले असते. शेठचे तर तिकडं निम्मे नातेवाईक. अडचण होती ती जाफराबादवालीची. तिला फोनवर सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, माझी नोकरी गेली म्हणा की."

"असं कसं म्हणतीस?"

"यांना विचारलं मी मागं एकदा, असं झालं तर काय म्हणून. हे म्हणले, तू अन् माय अन् बाळ जा पुण्याला, मी बघतो इकडचं. पण शेत टाकून यांना येता येतंय का? बाळ बापाला सोडून राह्यचं न्हाई. अन् नोकरी सोडली तर ताई, मी करू काय? एवढं शिकून?" तिचा आवाज फाटला. "मला दोन्ही पाहिजे. जास्त मागून राह्यले का मी?"

नव्हती जास्त मागत. माझा जीव तुटला तिच्यासाठी. मी उगंच तिच्यावर ओरडले, "रडू नको, बिल्ड बघ!" माझं असंच आहे, वाईट वाटलं की मी ओरडते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. "ताई, माझ्याकडं पण बिल्ड पडला!" आणि हसत होती.

"अगं येडे, पडला म्हणून हसतीस काय?"

"ऐका तरी. मी ते डिपेंडन्सीचं फोल्डर बाजूला ठेवलं. म्हंजे मशीन रिकामी केली, पुण्यासारखी. अन् चालवलं. तर जे पुण्याला सापडत न्हाई म्हणतंय तेच माझ्याकडं पण सापडेना. पुण्याची मशीन खराब न्हाई ताई. आपल्या तिघांच्या बिघडलेल्या हायेत. एकसारख्या."

मी खुर्चीत बसले. शेठला हाक मारली.

झालं होतं असं. टेस्टसाठी दरवेळी कुणी कापसाचा ट्रॅक्टर घेऊन येत नाही. म्हणून काट्याच्या मोड्यूलमध्ये आम्ही एक खोटा काटा लिहिला होता. टेस्टला तो वजनं सांगायचा, इतके क्विंटल, इतका ओलावा. हा खोटा काटा प्रतीला लागायचा, पावतीलाही लागायचा. रीतसर करायचं तर त्याचं वेगळं छोटं मोड्यूल पाहिजे, म्हणजे बिल्ड दरवेळी आधी ते ताजं तयार करील आणि मग बाकीच्यांना देईल. पण सुरुवातीच्या घाईत कुणीतरी त्याची एक तयार फाइल हातानंच त्या फोल्डरमध्ये टाकली, आणि प्रतीत, पावतीत लिहून दिलं की ती फाइल घे. ती फाइल इंटरनेटवर कुठंच नव्हती. फक्त आमच्या फोल्डरमध्ये होती. आणि फोल्डर शिदोरीतून माझ्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून त्याच्याकडं. कुणी टाकली होती ते कुणालाच आठवेना, आणि आठवून तरी काय करायचं होतं? वर्षभर आम्ही एकमेकांच्या मशीनवर टेस्ट चालवून "तुझ्याकडं चाललं? मग बराबर आहे," असं म्हणत होतो. उघड्यापाशी नागडं गेलं अन् रातभर हिवानं मेलं, तशी गत.

शेठनं लगेच तोड काढली. "एवढंच ना? ती फाइल पुण्याला मेल करतो. त्या मशीनमध्ये टाका म्हणावं. पाच मिनिटांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. फाइल जाईल, सगळं हिरवं होईल, शुक्रवार पार पडेल, ही आपल्या घरी राहील, मी माझ्या. मी म्हणणारच होते, पाठव.

फोन चालूच होता. जाफराबादवाली म्हणाली, "न्हाई दादा. नका पाठवू."

"अगं, तुझ्यासाठीच तर..." मी म्हणलं.

"माझ्यासाठीच म्हणते ना. आज फाइल पाठवून वाचलं, तर उद्या पुन्हा कुठं तरी पडंल. मंग ते म्हणतील, बघा, लांब बसल्यावर असंच होतं. तवा माझ्याकडं बोलायला काहीच ऱ्हाणार न्हाई. चालायचं तर खरं चालू द्या."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "ऐकलं ना? ठेव ती मूठ खिशात."

कामाची वाटणी केली. खोट्या काट्याचं वेगळं मोड्यूल मी करायला घेतलं. प्रत आणि पावती या दोघांनी त्याच्याकडून रीतसर मागायचं, हातानं टाकलेलं काही चालणार नाही. शेठनं डेटाबेसचं घेतलं. तिथंही आमची तीच बोंब होती. ज्याच्या त्याच्या मशीनवर ज्याचा त्याचा डेटाबेस, त्यात जुनापाना माल भरलेला. आता टेस्टनं सुरू होताना आपला कोरा डेटाबेस उभा करायचा, काम झालं की मोडून टाकायचा. आपलं ताट आपण मांडायचं, जेवून आपण उचलायचं.

आणि हे सगळं रिकाम्या मशीनवर चालवून बघायचं काम जाफराबादवालीनं मागून घेतलं. मी म्हणलं, "त्या एका कांडीवर? म्हातारी होशील. मी चालवते इथं." ती म्हणाली, "तुमच्याकडं भसाभस येतं सगळं, तुम्हाला कळत पण न्हाई काय काय आलं. माझ्याकडं एकेक दाणा मोजून येतो. मला बसल्या बसल्या बघता येईल."

आणि खरंच, ती गच्चीवर टाकीला पाठ लावून, मांडीवर लॅपटॉप, शेजारी बाजेवर बाळ, बघत बसली. काय काय येतंय, कोण मागतंय, कशाला मागतंय. दुपारी तिचा फोन, "ताई, काट्याला चित्रं काढायची लायब्ररी कशाला लागती?" मला तोंड दाखवायला जागा नाही! ती लायब्ररी कधीतरी लागली होती, मग लागायची बंद झाली, पण काढली कुणी? मी चिडून म्हणलं, "काढून टाक." थोड्या वेळानं, "ताई, प्रतीनं एकच गोष्ट दोनदा मागवलीय, दोन वेगळ्या आवृत्त्या." शेठ म्हणाला, "ही आपल्या घरातली सगळी मडकी उतरवून बघणार आज." पण प्रत्येक मडकं उतरवलं की बिल्ड हलका होत गेला.

गुरुवारी सकाळी माझं मोड्यूल तयार झालं, तिनं घेतलं, रिकाम्या मशीनवर चालवलं. यावेळी काही सापडत नाही असं आलं नाही. सगळं सापडलं. टेस्ट सुरू झाल्या. आणि पावतीची टेस्ट लाल झाली.

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं नेटवर्क गेलं. "ताई, वजन कमी भरतंय."

तिघंही त्याच्यात डोकं घालून बसलो, दोघं इथं, एक तिकडं. शेठला आधी दिसलं. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला, ओलावा म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको. कापूस ओला असला की वजनातून ओलावा कापतात. एकदाच. आमच्या जुन्या खोट्या काट्यानं ओलावा कापलेलाच नव्हता, म्हणून पावती कापायची आणि बेरीज बराबर यायची. पण खरा काटा मधल्या काळात मी बदलला होता, सगळ्यांशी बोलूनच बदलला होता, तो आता ओलावा स्वतःच कापून वजन पुढं देत होता, आणि नवा खोटा काटा मी त्याच्यावरूनच केला होता. पावतीत तो बदल करायचा राहून गेला आणि तिच्या टेस्टला हे कधी कळलंच नाही, कारण ती वर्षभर त्या शिदोरीतल्या जुन्या फाइलशीच बोलत होती. खऱ्या जिनिंगमध्ये काट्यानं एकदा कापला असता, पावतीनं पुन्हा.

शेठ आधी हसला आणि मग त्याचं हसू उतरलं. "आयला, हे चालू झालं असतं तर लोकांनी मोंढ्यात धरून हाणलं असतं आपल्याला."

 माराचं मला सुचलंही नाही. मला वेचणीच्या बाया दिसल्या, कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. जाफराबादवाली तिकडून हळूच म्हणाली, "आमचा पण ट्रॅक्टर गेला असता ना ताई, त्याच काट्यावर."

दुरुस्ती सोपी होती. पावतीनं ओलावा कापायचा नाही, आलेलं वजन घ्यायचं. तिनं तासाभरात केली, पुन्हा फोल्डर बाजूला ठेवून पहिल्यापासून चालवलं; हलका झालेला बिल्ड आता दिवेलागणीच्या आत संपला. हिरवं. आम्ही कुणी नाचलो नाही. कारण सगळ्यांच्या मनात एकच, सरांना हे सांगायचं का? आता कोऱ्या मशीनवर चालतंय, उद्या चालेल, ऑफिस वाचेल. वर्षभराचं हिरवं खोटं होतं हे सांगितलं तर मात्र ते म्हणू शकतात, अशा लोकांना लांब ठेवायचंच कशाला?

शेठ यावेळी मूठबीठ काही म्हणाला नाही. मी जाफराबादवालीला म्हणलं, "तू सांग. तुझंच सगळ्यात जास्त जातंय."

"कोंबडं झाकून काय होतंय ताई, उजाडायचं थोडंच ऱ्हातं? सांगा तुम्ही."

मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. शिदोरी, जीपवाला, खोटा काटा, सगळं. मधेच थांबले असते तर पुन्हा बोलले नसते, म्हणून एका दमात. ते ऐकत राहिले.

"म्हणजे हे जिनिंगवर गेलं असतं?"

"गेलं असतं, सर."

 सर म्हणाले, "उद्या चालवू आणि बोलू."

शुक्रवारी सगळे व्हिडिओ कॉलवर. सरांनी त्यांच्या कोऱ्या मशीनवर बिल्ड सोडला. काटा हिरवा. प्रत हिरवी. मग पावती, आणि तिन्ही मिळून. मी खाली बघून बसले होते, शेठनं कोपर मारलं तेव्हा वर बघितलं. सगळं हिरवं.

सर म्हणाले, "छान. आता एक सांगा, जाफराबादला नेटवर्क अजून तसंच आहे का?"

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, आलं, आता हेच निमित्त. "तसंच आहे सर, आणि तसंच राहणार! तुम्ही टॉवर बसवून देणार असाल तर सांगा!"

शेठनं कपाळाला हात लावला. सर मात्र हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"नको मॅडम, टॉवर नको. मी काल तुमचा फोन ठेवल्यावर आमच्या दुसऱ्या एका प्रोजेक्टचं फोल्डर बाजूला ठेवून चालवून बघितलं. पडला. आमच्याही मशीनमध्ये काय काय साठलंय ते आम्हालाच माहीत नाही. इथं पास झालं यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही. यापुढं प्रत्येक रिलीज आधी जाफराबादला चालेल. रिकाम्या मशीनवर, त्याच नेटवर्कवर. तिथं चाललं तरच पुढं जाईल."

जाफराबादवालीच्या चौकोनात ती आणि मागं पाण्याची काळी टाकी. हलेना. मला वाटलं चित्र अडकलं.

मग ती म्हणाली, "सर, म्हंजे मी... इथूनच?"

"तिथूनच. तुम्ही पुण्याला आलात तर माझंच काम अडेल."

तिनं माइक बंद केला नाही, कॅमेरा बंद केला नाही. बाळाला काखेत घेतलं, गच्चीच्या कठड्यापाशी पळाली आणि खाली शेताकडं बघून बोंब मारली, "अवो! ऐकलं का! आपण इथंच राह्यलो! सगळे इथंच!"

मी सरांच्या देखत रडले. रडले तर रडले.